शुक्रवार तर शुक्रवार

ह्या हकिगतीतली एकही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही.

डेल्फा नेपियरने त्या दिवसांची नोंद ठेवली होती. निळ्या पुठ्ठ्याची वही. तारीख, वेळ, मिनिटाला किती श्वास, मध्ये किती सेकंद थांबा. ती वही मी हातात घेऊन पाहिली आहे. नर्सिंग कॉलेजात डेल्फा आणि मी दोन वर्षं एका बाकावर बसलो. ती थापा मारणारी बाई नाही. उलट कोणी भुताखेतांचं बोलायला लागलं की "किती वाजता? खोलीत उजेड किती होता?" असं विचारून समोरच्याचा हिरमोड करणारी.

म्हणून तिने सांगितलं तसंच सांगते.

गाव कार्व्हर्स फोर्क, केंटकीचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग. साल २०१८. आणि वेळ रात्रीची नाही. मंगळवार, ८ मे, दुपारचे तीन वाजून एकेचाळीस मिनिटं. बाहेर लख्ख ऊन होतं.

डेल्फा तेव्हा छत्तीस वर्षांची. आधी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करायची. लग्न झालेलं नाही. घरात ती आणि तिची आई वर्ना, दोघीच. आईला ती मम्मीच म्हणायची. आमच्याकडे माणूस साठीचं झालं तरी मम्मीच म्हणतं.

नर्स व्हायचं खूळ मम्मीचं. तिने बावीस वर्षं शिवणकारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या, मग कारखाना बंद पडला.

"माझा जन्म कापड शिवण्यात गेला," ती म्हणायची, "तू जरा माणसं शिव."

पण कॉलेजच्या नर्सिंगला प्रवेश मिळणं काही सोपं नव्हतं. बत्तीस जागा आणि अर्ज दोनशेच्या वर. आधी शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे विषय पास व्हायचे, त्या गुणांवर क्रमांक लागायचा. पहिल्या वर्षी डेल्फाचं नाव आलं नाही. दुसऱ्या वर्षी ती प्रतीक्षा यादीत तिसरी होती. वर्गातल्या दोघींनी जागा सोडली. तिसरीने सोडली नाही.

तिसऱ्या वर्षी पत्र आलं. मम्मीने ते ओसरीत उभं राहून शेजाऱ्यांच्या कुत्र्याला वाचून दाखवलं. माणूस कोणी समोर नव्हतं म्हणून.

पुढची दोन वर्षं मम्मीच डेल्फाचं पुस्तक होती. शेंगा सोलता सोलता हात पुढे करायची.

"हे कुठलं हाड?"

"मनगटाचं."

"मनगटात आठ असतात, बये. कुठलं?"

बीपी मोजायचा सराव तिच्यावर. नाडी, श्वास, पाठीवरून फुप्फुसं ऐकणं, सगळं तिच्यावर. "हा दंड आता कॉलेजचा झाला," म्हणायची, "मला फक्त घासायला दिलाय."

अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की नापास, असा आमचा नियम. शेवटच्या सहामाहीपर्यंत बत्तिसातल्या एकोणीसच उरल्या. त्यात डेल्फा होती.

शेवटी एक समारंभ असतो. प्रत्येक मुलीच्या कॉलरला कॉलेजची पिन, म्हणजे छोटा बिल्ला, लावली जाते. ती कोणी लावायची ते मुलगी ठरवते. कोणाचा नवरा लावतो, कोणाचा मुलगा.

"माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही," मम्मीने पहिल्याच वर्षी बजावून ठेवलं. बोटं संधिवाताने वाकडी झालेली. तरी रोज एक जाडसर फडकं घेऊन त्यात पिन टोचायचा सराव करायची. "तिथे सगळ्यांसमोर तुझा गळा नको टोचायला."

समारंभाची तारीख ठरली. शुक्रवार, ११ मे.

जानेवारीत मम्मीला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बैठकीच्या खोलीत दवाखान्याचा पलंग आला. धाकटी मावशी, झेला, राहायला आली. ट्वाइला नावाची नर्स एक दिवसाआड येऊन बघून जायची. अशा शेवटाला पोचलेल्या माणसांचंच काम ती करते, एकोणीस वर्षं.

रविवार, २२ एप्रिल. संध्याकाळचे पाच. मम्मी शुद्धीत होती.

"ती गाठ मार," ती म्हणाली.

डेल्फाला लगेच कळलं. पहिल्या सहामाहीत आम्ही वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम शिकायला जायचो. तिथल्या एका जुन्या नर्सने आम्हाला दाखवलं होतं. माणूस जाणार असं वाटलं की ती त्याच्या चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारायची. गाठ असेपर्यंत माणूस जात नाही. स्वतःच्या कामाची पाळी संपली की सोडायची. "आठवणीने सोडायची हं, पोरींनो," हे तिने दोनदा सांगितलं होतं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिक्षिकांसमोर कोणी कबूल करत नाही, एवढंच. डेल्फाने घरी येऊन ती गंमत मम्मीला सांगितली होती.

"मम्मी, ते चेष्टेत करतात."

"मग तूही चेष्टेत मार. पण घट्ट मार."

डेल्फाने पायाकडच्या कोपऱ्याला मोठी साधी गाठ मारली. मम्मी हसली.

मंगळवारी सकाळी तिची शुद्ध गेली.

श्वासाची लय बदलली. आठ श्वास. आधी उथळ, मग खोल, मग पुन्हा उथळ. आणि मग काहीच नाही. बावीस सेकंद. मग पुन्हा आठ.

गुडघ्यांवर जांभळी नक्षी उमटली. लघवी बंद झाली. ट्वाइलाने डेल्फाला ओसरीत नेलं.

"तू शिकलेली आहेस, तुझ्याशी आडपडदा नाही. दोन दिवस. फार तर तीन. कोणाला बोलवायचं असेल तर आजच बोलव."

तीन दिवस गेले.

पाच गेले.

मम्मीच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. डेल्फा ओल्या बोळ्याने ओठ पुसायची, तेवढंच.

शनिवारी, २८ तारखेला, अंघोळ घालायला येणाऱ्या मुलीने चादर बदलली. जुनी चादर धुवायच्या टोपलीत टाकली. ती गेल्यावर डेल्फा पलंगाच्या पायाशी आली...

नव्या चादरीला गाठ होती.

तिला वाटलं, मावशी. आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. समारंभाला तेराच दिवस राहिले होते. गाठ कोणी का मारेना, असू दे, असं तिच्या मनात आलं. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

मे उजाडला. मम्मीचे ओठ फाटले. कमरेखाली जखम झाली आणि ती रोज वाढत गेली. कुशीवर वळवलं की घशातून बारीक आवाज यायचा. औषध जिभेखाली ठेवूनही यायचा.

गुरुवार, ३ मे. सकाळी दहा वाजता ट्वाइला आली. श्वास थांबलेला होता. डेल्फा सेकंदकाट्यावर नजर लावून उभी. एक मिनिट. दोन. तीन. ट्वाइलाने छातीला नळी लावली, डोळे मिटून ऐकलं. चौथं मिनिट संपलं. तिने नळी काढली, घड्याळ पाहिलं.

"दहा वाजून अकरा," ती हळूच म्हणाली.

आणि मग...

खोल, घोगरा श्वास. त्यामागून दुसरा.

वहीत नोंद आहे: थांबा, ४ मिनिटं १० सेकंद.

ट्वाइलाने बॅग भरली. दारापर्यंत गेली आणि वळली. "ती कशाची तरी वाट बघतेय. काय आहे ते तिला देऊन टाक, बाई."

त्या दुपारी जखम धुताना डेल्फाला आत हाड दिसलं. मम्मीचे डोळे मिटलेले होते. पण त्यांतून पाणी येत होतं.

डेल्फाने हातमोजे काढले आणि गाठ सोडली. रडत रडत सोडली.

शुक्रवारी सकाळी गाठ परत होती.

ती स्वयंपाकघरात गेली. मावशी घेवडा शिजवत होती.

"मावशी, आता बास झालं. मी काल सोडली होती गाठ."

"सोडलीस? तूच तर मारत होतीस रोज!"

"मी एकदाच मारली होती. पहिल्या दिवशी."

झेला मावशीने डाव खाली ठेवला. "अगं, मी गेला आठवडाभर तुझ्या नावाने बोटं मोडतेय. म्हटलं, ही शिकलेली पोरगी, पिनेसाठी आईला टांगून ठेवलंय हिने."

"मग कोणी मारली?"

"मला काय विचारतेस? दोन वर्षं कॉलेजात मी गेले होते का?"

दोघी पलंगाशी आल्या. पहिल्यांदाच नीट बघितलं. डेल्फाची गाठ मोठी, साधी होती. ही सुपारीएवढी होती. शिवणाऱ्या बायका दोऱ्याच्या टोकाला मारतात तशी, एका बोटावर गुंडाळून ओढलेली.

चादरीच्या कापडाला तशी गाठ बसत नाही. डेल्फाने तासभर प्रयत्न करून पाहिला.

मावशीने तोंडावर हात ठेवला. "ही वर्नाची गाठ आहे," ती म्हणाली.

तरी डेल्फाचा विश्वास बसला नाही. विज्ञान शिकलेलं माणूस पुरावा मागतं. रविवारी दुपारी मावशी चर्चमध्ये होती. डेल्फाने दोन्ही दारांना आतून कड्या लावल्या. पलंगावर चारी कोपऱ्यांना रबर असलेली चादर चढवली. तिला मोकळा कोपराच नसतो. वरची चादर काढून टाकली. मम्मीचे दोन्ही हात रजईखाली नीट ठेवले. निळी पडलेली, गार बोटं. मग ती हात धुवायला गेली.

नळ सोडला. बंद केला. परत आली. चाळीस सेकंद.

आधी तिला काहीच दिसलं नाही.

मग मम्मीच्या गालाखाली...

उशीच्या अभ्र्याचा कोपरा. सुपारीएवढी गाठ.

रजई हललेली नव्हती.

डेल्फा खाली जमिनीवरच बसली. तिला भीती वाटली नाही, असं ती म्हणते. भीती नंतर आली. त्या वेळी फक्त एक गोष्ट लख्ख दिसली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण मम्मीला धरून ठेवलंय. आपण नव्हतोच. ती स्वतःच धरून बसली होती. फाटलेल्या ओठांनी, उघड्या हाडाने. अकरा तारखेसाठी.

सोमवारी तिने आमच्या शिक्षिकेला, मिसेस स्टॅम्परना, फोन केला. माझी पिन आजच द्या म्हणाली.

"अगं, पिना माझ्याकडे आलेल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. "बुधवारी शेवटची परीक्षा. त्यात पास होतील त्यांची यादी जाणार, मग पिना. तू अजून पास कुठे झालीस?"

म्हणजे देण्यासारखं खरं काहीच नव्हतं.

मंगळवारी दुपारी डेल्फाने पांढरा गणवेश घातला. इस्त्री केलेला. केस बांधले. झेला मावशीकडे चर्चच्या रविवारच्या शाळेत सलग दहा वर्षं हजेरी लावल्याची एक पिन होती. लहानशी, पितळेची.

"खोटं बोलणार तू तिच्याशी?" मावशीने विचारलं.

"हो."

"मरणाऱ्या माणसाशी?"

"मग तू सांग दुसरं काय करू!"

मावशीने पिन काढून दिली.

डेल्फा पलंगाशी वाकली. "मम्मी, शुक्रवार आला. सगळे जमलेत बघ. माझं नाव पुकारलंय. ऊठ, पिन लाव."

आठ श्वास झाले. थांबा सुरू झाला.

दहा सेकंद... वीस... तीस...

मम्मीने डोळे उघडले.

चौदा दिवसांनी. स्वच्छ डोळे. तिने आधी गणवेशाकडे पाहिलं. मग डेल्फाच्या चेहऱ्याकडे, बराच वेळ.

"आज शुक्रवार आहे?"

"हो, मम्मी."

बाहेर रस्त्यावर कचऱ्याची गाडी धडधडत आली. आमच्याकडे ती मंगळवारी येते. दर मंगळवारी, पावणेचारच्या आत. बावीस वर्षं मम्मी त्या गाडीच्या वेळेला डबा बाहेर ठेवत आली होती.

गाडी दारासमोर थांबली. पुढे गेली. आवाज विरेपर्यंत मम्मी ऐकत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "शुक्रवार तर शुक्रवार."

तिने हात वर केला. डेल्फाने पिन बोटांत दिली. ती वाकडी बोटं जराही थरथरली नाहीत. कापडातून पिन सरळ गेली, बंद झाली. मग तिने कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी केली. कारखान्यात शर्ट पुढे सरकवण्याआधी करायची तशी.

हात खाली पडला.

तीन एकेचाळीस.

डेल्फा मोजत राहिली. पाच मिनिटं, दहा, वीस. ट्वाइला आली, तिनेही दहा मिनिटं ऐकलं. मग वेळ लिहिली. अभ्र्याचा कोपरा सुटलेला होता. नुसत्या चुण्या राहिल्या होत्या.

साडेपाचला मृतदेह न्यायला माणसं आली. दफन शनिवारी ठरलं. तोवर मम्मी गावातल्या अंत्यविधीवाल्यांकडे, थंड खोलीत.

झेला मावशी त्यांच्या गाडीत बसायला निघाली. आमच्या डोंगरात मेलेल्या माणसाला पुरेपर्यंत एकटं ठेवत नाहीत. कोणीतरी शेजारी बसून राहतं. निदान पूर्वी बसायचं.

"त्यांना एक खुर्ची मागते," मावशी म्हणाली. "मी बसेन तिच्यापाशी."

"मावशी, तू तीन आठवडे झोपली नाहीस. तिथे काय आहे आता? शरीर आहे नुसतं."

"आपल्यात बसतात गं."

"ती गेली. मी स्वतः मोजलंय. चल, झोप जरा. मलाही सकाळी परीक्षा आहे."

मावशी गेली नाही. कोणीच गेलं नाही.

बुधवारी डेल्फाने परीक्षा दिली. एक्याऐंशी टक्के मिळाले. आम्ही सगळ्या तिच्या गळ्यात पडलो. ती लाकडासारखी उभी होती.

शुक्रवार, ११ मे. कॉलेजच्या सभागृहात साडेसहाला समारंभ सुरू झाला. आम्ही एकोणीस जणी पुढच्या रांगेत. प्रत्येकीच्या मागे तिच्या माणसांच्या दोन खुर्च्या. डेल्फाच्या मागे एका खुर्चीवर मावशी. दुसरी रिकामी. ती काढून घ्यायला डेल्फाने नकार दिला होता.

मी डेल्फाच्या डाव्या हाताला होते. मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी आधीच सांगते.

सहा अठ्ठेचाळीसला डेल्फाने माझं मनगट पकडलं. तिची नजर समोर होती. दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर.

मला वाटलं, हिला रडू येतंय.

तिला मागून ऐकू येत होतं...

आठ श्वास. उथळ, खोल, उथळ. मग बावीस सेकंद काही नाही. मग आठ.

तिने मागे वळून पाहिलं नाही. मोजलं फक्त. चार वेळा तीच लय. एका सेकंदाचा फरक नाही.

मग तिचं नाव पुकारलं. ती चालत गेली. तो आवाज तिच्या मागून आला, उजव्या खांद्याच्या जवळून. झेला मावशीने पिन हातात घेतली. मावशीचे हात चांगले आहेत, तरी ते इतके कापत होते की पिन दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लागली.

आणि कानाशी एक लांब श्वास सुटला.

त्यानंतर काही नाही.

सहा छप्पन.

घरी आल्यावर तिने मावशीला सांगितलं. मावशी ढसाढसा रडली. "बघ, थांबली ना तुझ्यासाठी! आता सुखाने गेली."

डेल्फाने मान हलवली. मग आत जाऊन वहीत वजाबाकी केली. मंगळवार तीन एकेचाळीस ते शुक्रवार सहा छप्पन. पंचाहत्तर तास पंधरा मिनिटं.

म्हणजे मम्मी मंगळवारी गेलीच नव्हती. लेकीने शुक्रवार म्हटलं, म्हणून तिने शरीर तेवढं सोडून दिलं. तिला चांगलं ठाऊक होतं वार कुठला आहे ते. मग ती खऱ्या शुक्रवारची वाट बघत राहिली. तिथे, त्या थंड खोलीत, शेजारी कोणी नसताना. डेल्फा त्या वेळी औषधांच्या मात्रांची गणितं सोडवत होती.

आता ती आमच्याच जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. उत्तम नर्स आहे. पेशंट गेला की मृतदेह हलवेपर्यंत ती खोलीतून निघत नाही. पाळी संपली तरी बसून राहते. वरिष्ठ ओरडतात. ती सगळं ऐकून घेते.

गेल्या महिन्यात आम्ही भेटलो तेव्हा मी तिला म्हटलं, "डेल्फा, पिन लागल्यावर थांबला ना तो आवाज? मग संपलं. ती पोचली."

तिने कॉफीचा कप खाली ठेवला.

"चार मिनिटं दहा सेकंद थांबली होती, तेव्हा ट्वाइलाला वाटलं संपलं," ती म्हणाली. "पंचाहत्तर तास थांबली, तेव्हा मला वाटलं संपलं. एकोणीस वर्षांचा अनुभव ट्वाइलाचा, आणि मी परीक्षा पास. दोघी चुकलो."

तिने कप पुन्हा उचलला.

"मग आता कशावरून म्हणायचं," ती म्हणाली, "की हा पण थांबाच नाही?"